अंत्यविधीची आगाऊ तरतूद: इच्छा कुठे लिहावी, पैसे कुठे ठेवावेत

स्वतःच्या अंत्यविधीची सोय स्वतःच करून ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. घरातली म्हातारी माणसे ट्रंकेच्या तळाशी कोरे पांढरे कापड आणि ‘माझ्या कार्याला’ म्हणून नोटांची पुरचुंडी बांधून ठेवत. हजला गेलेले अनेक भाविक झमझमच्या पाण्यात भिजवलेले कफन घेऊन परततात. संन्यास घेणारा दीक्षेआधी स्वतःचे श्राद्ध स्वतःच उरकतो. अलीकडे यात शहरांतल्या खासगी सेवांची भर पडली आहे. शववाहिका, तिरडीचे सामान, गुरुजी, स्मशानाचा पास, अस्थिविसर्जन या सगळ्याचे पैसे आधी भरून घ्यायचे आणि वेळ आली की धावून यायचे, असा त्यांचा करार असतो. मुले परदेशात आणि वयस्क जोडपे एकटे, अशा घरांची ती खरी गरज आहे. मात्र पैसे भरले म्हणजे तरतूद झाली, हा समज महागात पडतो.

प्रस्तुत लेखकाच्या मामांनी पुण्यात असे पैसे भरले होते. मृत्यू आला तो सांगलीत, लेकीच्या घरी, रात्री. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘सेवा महानगरपालिका हद्दीपुरती’ असा शिक्का होता; पण पावतीच पुण्यातल्या कपाटात असल्याने तो कळला नंतर. शेजाऱ्यांना उठवून लेकीने सगळे पुन्हा पैसे मोजून केले. भरलेली रक्कम परत मागितल्यावर आधी मुदतीचे, मग वारसाच्या कागदांचे कारण पुढे आले. त्याहून जास्त सलते ते दुसरेच. दहावे-तेरावे करू नये, तो खर्च गावच्या शाळेच्या वाचनालयाला द्यावा, असे मामांनी मृत्युपत्रात लिहिले होते. मृत्युपत्र उघडले चौदाव्या दिवशी. तोवर नदीकाठी पिंड ठेवून झाले होते आणि तेराव्याची पंगतही उठली होती.

अंत्यविधीबद्दलची इच्छा म्हणूनच मृत्युपत्रात लिहून भागत नाही. मृत्युपत्र मालमत्तेसाठी असते आणि दुःखाचे दिवस सरल्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही. इच्छेसाठी वेगळे, एकाच पानाचे पत्र हवे. त्याच्या प्रती घरातल्या एका आणि घराबाहेरच्या एका माणसाकडे असाव्यात. बँकेच्या लॉकरमध्ये ते ठेवणे म्हणजे न लिहिण्यासारखेच. पत्रात केवळ दहन, दफन की देहदान एवढे लिहून थांबू नये. स्मशानात वाद होतात ते वेगळ्याच गोष्टींवरून: अग्नी मुलीने द्यायचा की पुतण्याने, लाकडे की विद्युतदाहिनी, अमेरिकेतला मुलगा येईपर्यंत देह शवागारात ठेवायचा की नाही. त्या तासाला घरच्यांना निर्णय नको असतो, आधार हवा असतो. ‘माझ्यासाठी कोणाचीही वाट पाहू नये, अग्नी लेकीने द्यावा’ ही दोन वाक्ये सहीनिशी लिहिलेली असली, तर त्या मुलीला कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही.

तरीही लिहिलेली इच्छा पूर्ण होईलच असे नाही, कारण पुढचे सगळे मागे राहिलेल्यांच्या आणि स्थानिक नियमांच्या हाती असते. जोतीराव फुले यांनी १८८७ च्या मृत्युपत्रात आपला देह मिठात पुरावा असे लिहिले होते. घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, तेव्हा राहत्या वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि दहन करावे लागले. त्या वेळी सावित्रीबाईंनी पुढे होऊन टिटवे धरले. देहदानाचेही असेच आहे. अर्ज भरलेला असला, तरी जवळच्या नातेवाइकांनी नकार दिला तर वैद्यकीय महाविद्यालय देह घेत नाही. शवविच्छेदन झाले असेल किंवा विशिष्ट संसर्गजन्य आजार असेल, तरीही नाही. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. देहदानाच्या पत्रात ‘न स्वीकारल्यास दहन’ ही ओळ असायलाच हवी.

आता पैशांविषयी. आगाऊ भरलेली रक्कम कंपनीच्या भवितव्यावर टांगलेली असते. ब्रिटनमध्ये अशा योजना सर्रास आहेत. तिथली एक मोठी कंपनी मार्च २०२२ मध्ये बुडाली आणि सुमारे ४६ हजार ग्राहकांचे पैसे अडकले. त्याच वर्षीच्या जुलैत हा व्यवसाय वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आला. भारतात त्यासाठी तसा स्वतंत्र नियामक नाही. ज्यांना पैसे भरायचेच आहेत त्यांनी सेवा कोणत्या हद्दीत मिळेल, दुसऱ्या गावी मृत्यू झाल्यास काय, रक्कम कोणाला परत मिळेल, हे लेखी घ्यावे आणि रात्री दोन वाजता त्या क्रमांकावर एकदा फोन करून पाहावा. ज्यांच्याजवळ विश्वासाचे माणूस आहे त्यांनी मात्र पैसे विक्रेत्याकडे न ठेवता त्या माणसाच्या हाताशी ठेवावेत. खर्च वाटतो तेवढा मोठा नसतो. मुंबईत पालिकेच्या स्मशानभूमीत दहनाची लाकडे पालिकाच मोफत देते. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशा पद्धतीचे बचत खाते यासाठी सर्वांत सोयीचे. नुसत्या नामनिर्देशनाने त्या दिवशी पैसा हाती येत नाही, कारण बँक आधी मृत्यूचा दाखला मागते. गेलेल्याचे एटीएम कार्ड वापरून वेळ मारून नेणे पुढे वारसांच्या भांडणाचे कारण होते.

कागदांमध्ये सर्वांत आधी लागतो तो डॉक्टरचा, मृत्यूचे कारण सांगणारा दाखला. घरी मृत्यू झाल्यास तो नमुना ४अ मध्ये मिळतो आणि त्याशिवाय शहरात पास निघत नाही. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने तो विनाशुल्क देणे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. पण कोणी तपासतच नसेल तर देणार कोण? मग पोलीस आणि शवविच्छेदन टळणे कठीण. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी जवळच्या एखाद्या डॉक्टरकडे नियमित जात राहावे, ते यासाठीही. त्या डॉक्टरचा क्रमांक आणि आधार कार्डाची प्रत इच्छेच्या त्या एकपानी पत्रालाच टाचून ठेवावी. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. नोंदीनंतर मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती एकदमच जास्त घ्याव्यात, कारण बँक, विमा, निवृत्तिवेतन आणि सोसायटी प्रत्येकाला वेगळी प्रत लागते. खर्च ज्याने केला त्याने पावत्या जपाव्यात: भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ३२० नुसार अंत्यविधीचा वाजवी खर्च मृताच्या मालमत्तेतून इतर सर्व कर्जांच्या आधी द्यावा लागतो.