लाखेचा लेप आणि पात्रावरील चिन्हे

भोजनोत्तर आपले ताट आपणच घासून ठेवावे, हा वसतिगृहातील प्रत्येक विद्यार्थ्याचा पहिला पाठ होय. ज्या भांड्यात आपण जेवतो त्याकडे मात्र आपण क्वचितच निरखून पाहतो. म्हणून या पाठात आम्ही लाकडी पात्रे, त्यांवरील लेप आणि त्या लेपावरील चिन्हे यांचा विचार करणार आहोत.

चांदूर रेल्वेच्या परिसरात फाल्गुनात फुलणारा पळस सर्वांच्या परिचयाचा आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक राळ स्रवतो, तीच लाख. ती उष्णतेने वितळते व थंड होताच कठीण होते. सावंतवाडीचे कारागीर कातावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. तेथील गंजिफाही प्रसिद्ध आहेत. दशावतारी संचात १० रंगांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पाने असतात. लोप पावू लागलेल्या या कलेला श्रीमंत शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या काळात पुन्हा आश्रय दिला.

जपानी पात्रांवरील लेप यापेक्षा निराळा आहे. तेथील उरुशी हा कीटकाचा स्राव नसून झाडाचा चीक आहे. हे झाड आपल्या बिब्याच्याच कुळातले. बिबा अंगावर उततो हे वऱ्हाडात कोणास सांगावे लागत नाही. कच्ची उरुशीही तशीच उतते. नवल असे की, ती उन्हात नव्हे, तर दमट हवेत वाळते. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा आणि पुन्हा थर द्यायचा, असे महिनोन्महिने चालते. शेवटच्या ओल्या रेषांवर सोन्याची पूड शिंपडून चित्र काढतात. त्यास ‘माकिए’ म्हणतात.

या चित्रांना अर्थ असतो. हिवाळ्यातही हिरवा राहणारा पाइन, वाकूनही न मोडणारा बांबू आणि थंडी सरण्याआधीच फुलणारा प्लम ही त्रयी धैर्याची खूण होय. क्रौंच व कासव दीर्घायुष्य सुचवतात. चिखलात उगवूनही निर्मळ राहणारे कमळ तर आपल्या भूमीतूनच तेथे गेले.

परंतु प्रत्येक चिन्ह जसे दिसते तसे स्वीकारावे काय? दशावतारी गंजिफांत नववा रंग बुद्धाच्या नावाचा असतो. १९५६ साली नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा, बुद्ध हा विष्णूचा अवतार होय, हे मतच नाकारते. कारागिराच्या हाताचा आदर करावा, आणि चिन्हातील विधान मात्र विवेकाने तपासावे. या दोन गोष्टींत विरोध नाही, असे आम्हांस वाटते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र उंच टांगले व ऋद्धिबळाने ते काढून घेणाऱ्यास देऊ केले. पिंडोल भारद्वाजांनी ते काढले. तथागतांनी या प्रदर्शनाची निर्भर्त्सना करून ते पात्र फोडविले. भिक्षूंना लाकडी व रत्नजडित पात्रे वर्ज्य करून लोखंडाची व मातीची तेवढी अनुज्ञात केली. पुढे जपानच्या झेन विहारांत लेप दिलेली लाकडी पात्रे आली खरी. तथापि एकात एक बसणारी ती पात्रे साधीच ठेवण्याची रीत आहे. भिक्षू जेवल्यावर ती तेथेच धुतात, पुसतात आणि वस्त्रात बांधून ठेवतात.

सोन्याची वेल ज्या पात्रावर आहे ते प्रेक्षणीय खरेच. पण जे पात्र रोज भरते, रिकामे होते आणि स्वच्छ होऊन पुन्हा जागेवर जाते, त्याचा अर्थ कोणत्याही चित्राशिवाय वाचता येतो. आमच्या विद्यार्थ्यांनी दोन्ही वाचावयास शिकावे, एवढीच अपेक्षा.