परसातील कुत्र्यासाठी कुंपण : खर्चाचा हिशेब व आखणी

शेतवस्तीवर कुत्रा हा राखणदार असतो. तो गोठ्याजवळ झोपतो, अनोळखी माणसाची चाहूल देतो, रानडुकरांना व माकडांना हुसकावतो. तथापि, हाच कुत्रा मोकाट फिरू लागला की शेजाऱ्याच्या कोंबड्या मारतो, वाहनाखाली सापडतो, पिसाळलेल्या कुत्र्याच्या संपर्कात येतो किंवा रस्त्यावरील माणसाला चावतो. दिवसरात्र साखळीने बांधून ठेवणे हा यावरील योग्य उपाय नव्हे. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरू न देणे हा गुन्हा आहे. सतत बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि राखणीच्या दृष्टीनेही निरुपयोगी ठरतो.

या दोन टोकांमधील मार्ग म्हणजे परसाचा काही भाग कुंपणाने बंदिस्त करणे. पशुपालक बहुधा खर्चाच्या भीतीने हे काम टाळतात, किंवा केवळ जाळीचा भाव विचारून काम सुरू करतात आणि ते अर्धवट सोडतात. कुंपणाचा खर्च कशाने वाढतो व कोठे कमी करता येतो, हे आधी समजून घेतल्यास मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबालाही हे काम आवाक्यात आणता येते.

गोठा व भाजीपाल्याच्या दृष्टीने महत्त्व

कुत्र्याची जागा वेगळी केल्याने पशुधनाच्या आरोग्यालाही संरक्षण मिळते. निओस्पोरा कॅनिनम हा एकपेशीय परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो. दूषित चारा व पाण्यावाटे तो गाई-म्हशींच्या शरीरात जातो आणि गाभण जनावरांमध्ये गर्भपातास कारणीभूत ठरू शकतो. एकायनोकोकस या फीतकृमीची अंडीही कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतात. त्यांच्यामुळे शेळ्या-मेंढ्यांच्या, तसेच माणसांच्या यकृतात व फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी होतात. म्हणून चाऱ्याची गंज, गव्हाण, पिण्याच्या पाण्याचा हौद आणि भाजीपाल्याचे वाफे कुत्र्याच्या कुंपणाबाहेर असावेत. व्यालेल्या जनावराची वार, मृत वासरू तसेच कापलेल्या जनावराचे कच्चे अवयव कुत्र्याला खाऊ न देता खोल पुरावेत.

क्षेत्रापेक्षा परिमिती महत्त्वाची

कुंपणाचा खर्च जागेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढत नाही. तो परिमितीच्या, म्हणजे चारही बाजूंच्या एकूण लांबीच्या प्रमाणात वाढतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ही जागा ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद अशी चौरस असेल, तर परिमिती १३२ फूट होते. तेवढीच जागा ९९ फूट लांब व ११ फूट रुंद पट्टीच्या स्वरूपात घेतली, तर परिमिती २२० फूट भरते. क्षेत्र तेच राहते, पण कुंपण ८८ फुटांनी वाढते.

चौरस जागेच्या एका बाजूला घराची अथवा गोठ्याची भक्कम भिंत आली, तर ३३ फूट कुंपण वाचते आणि ९९ फुटांत काम होते. यासाठी आखणीच्या वेळी परसातील पक्की भिंत, दगडी गडगा, विहिरीचा कठडा यांची नोंद घ्यावी. कोकण, गोवा व केरळच्या जांभ्याच्या पट्ट्यात दगडी कुंपणे पूर्वीपासून उभी असतात. त्यांची उंची पुरेशी असल्यास केवळ मोडलेला भाग दुरुस्त करावा. सामाईक हद्दीवर कुंपण घालण्यापूर्वी मोजणीच्या खुणा पाहून घ्याव्यात आणि स्थानिक ग्रामपंचायतीचे वा नगरपालिकेचे नियम विचारावेत. हद्दीच्या वादात उखडावे लागलेले कुंपण सर्वांत महाग पडते.

एका गुंठ्याचा नमुना हिशेब

पुढील दर केवळ हिशेबाची रीत समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्ष दर गावोगाव व हंगामानुसार बदलतात. वाचकांनी आपल्या बाजारातील दर घालून हाच तक्ता पुन्हा मांडावा.

घराच्या भिंतीला लागून तीन बाजूंचे एकूण ९९ फूट कुंपण, उंची ५ फूट आणि साडेतीन फूट रुंदीचे एक फाटक असे गृहीत धरले आहे. खांबांमधील अंतर सव्वाआठ फूट ठेवल्यास १२ गाळे होतात. त्यांसाठी १३ खांब आणि फाटकासाठी एक जादा, असे १४ खांब लागतात. दोन कोपऱ्यांच्या खांबांना प्रत्येकी दोन आणि भिंतीलगतच्या दोन खांबांना प्रत्येकी एक असे ६ तिरपे टेकू द्यावे लागतात.

- जाळी : उभी ४८० व जमिनीलगत आडवी १४५, एकूण ६२५ चौरस फूट, दर १८ रुपये – ११,२५० रुपये
- सिमेंटचे ७ फुटी खांब : १४, दर ४०० रुपये – ५,६०० रुपये
- टेकू : ६, दर ३०० रुपये – १,८०० रुपये
- खड्डे व काँक्रीट : २०, दर २०० रुपये – ४,००० रुपये
- ताणतारा व बांधणीची तार – १,००० रुपये
- लोखंडी फाटक, बिजागरी व कडी – ५,००० रुपये
- फाटकाखालील काँक्रीटचा उंबरा – ८०० रुपये
- मजुरी : ३ माणसे, ३ दिवस, दर ६०० रुपये – ५,४०० रुपये
- वाहतूक – २,००० रुपये
- एकूण – ३६,८५० रुपये

या हिशेबात जाळीचा वाटा एकतृतीयांशापेक्षाही कमी आहे. खांब, टेकू, खड्डे, फाटक व मजुरी मिळून मोठी रक्कम होते. म्हणून केवळ जाळीचा भाव ऐकून खर्चाचा अंदाज बांधल्यास काम मध्येच अडते आणि बहुधा टेकू, उंबरा व जमिनीलगतची जाळी यांवरच काटछाट होते. कुत्रा नेमका तेथूनच बाहेर पडतो.

आकाराचा परिणामही याच तक्त्यावरून पाहता येतो. फाटक व उंबऱ्याचे ५,८०० रुपये स्थिर धरून उर्वरित खर्च लांबीच्या प्रमाणात मोजला, तर भिंतीचा आधार नसलेल्या चौरस गुंठ्यास सुमारे ४७,२०० रुपये आणि ९९ फुटी लांबट पट्टीस सुमारे ७४,८०० रुपये लागतात. उलट, भिंतीलगत ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे अर्धा गुंठा जागा घेतल्यास कुंपण ६६ फूट होऊन खर्च सुमारे २६,५०० रुपये येतो. क्षेत्र निम्मे झाले तरी खर्च निम्मा होत नाही, हे ध्यानात ठेवून जागेचा आकार ठरवावा.

उंची, तळ आणि फाटक

मध्यम बांध्याच्या गावठी कुत्र्यास सर्वसाधारणपणे ५ फूट उंची पुरते. मुधोळ, राजापलयम, चिप्पीपराई यांसारख्या उंच, सडपातळ व वेगवान जातींसाठी ६ फूट उंची ठेवावी. वरील नमुन्यात एक फूट उंची वाढवल्यास जाळीचे सुमारे १,७०० रुपये वाढतात. शिवाय ८ फुटी खांब घ्यावे लागतात. लाकडाचा ढीग, पाण्याची टाकी वा चाऱ्याची गंज कुंपणालगत असू नये, कारण कुत्रा तिचा पायरीसारखा उपयोग करतो.

अनेक कुत्रे उडी मारण्यापेक्षा जमीन उकरून बाहेर पडतात. त्यासाठी कुंपणाच्या आतील बाजूस दीड फूट रुंदीची जाळी जमिनीवर आडवी पसरून उभ्या जाळीला घट्ट बांधावी व तिच्यावर दोन-तीन इंच माती टाकावी. कुत्रा कुंपणाच्या बुडाशी उकरू लागला की त्याचे पंजे या जाळीला लागतात आणि तो प्रयत्न सोडतो. पिल्ले असल्यास तळाच्या दीड फुटास बारीक छिद्रांची जाळी जादा बांधावी.

फाटक आतल्या बाजूस उघडणारे असावे. त्यामुळे कुत्र्याने आतून धक्का दिल्यास ते अधिक घट्ट बसते. फाटकाखालील फट काँक्रीटच्या उंबऱ्याने बंद करावी. कडी लहान मुलांच्या व कुत्र्याच्या धक्क्याने न उघडणारी निवडावी.

खांब व जाळीची निवड

तारेचा गेज जितका लहान, तितकी तार जाड असते. १० गेजची तार ३.२५ मिलिमीटर, तर १२ गेजची २.६४ मिलिमीटर जाडीची असते. जाडीत फरक थोडा दिसला तरी त्याच आकाराच्या छिद्रांसाठी १० गेजच्या जाळीचे वजन सुमारे दीडपट होते आणि किंमतही त्या प्रमाणात वाढते. साध्या परसासाठी दोन इंची छिद्रांची १२ गेजची जस्तलेपित जाळी बहुधा पुरेशी ठरते. खरेदीपूर्वी तारेची जाडी मोजून पाहावी. समुद्रकिनाऱ्यालगत खाऱ्या हवेमुळे गंज लवकर चढतो. तेथे जाड जस्तलेप अथवा प्लास्टिकचे आवरण असलेली जाळी घेणे दीर्घकाळात स्वस्त पडते.

काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात माती फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. त्यामुळे उथळ गाडलेले खांब एक-दोन वर्षांत कलतात. अशा जमिनीत खांब किमान अडीच फूट खोल घ्यावेत, खड्ड्याच्या तळाशी मुरूम ठोकून भरावा आणि त्यानुसार खांबांची लांबी वाढवावी.

कमी खर्चाचे पर्याय व त्यांच्या मर्यादा

ईशान्य भारतात, तसेच कोकणात बांबू सहज मिळतो. बांबूचे कुंपण सुरुवातीस स्वस्त असते. परंतु प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीत लवकर कुजतो वा वाळवीला बळी पडतो. त्यामुळे जमिनीतील खांब सिमेंटचे व वरील भराव बांबूचा, अशी जोड उपयुक्त ठरते. करवंद, मेंदी अथवा सागरगोटा यांचे सजीव कुंपण दाट होण्यास काही वर्षे लागतात. तोवर आतून जाळी हवीच. कण्हेर व पिवळी कण्हेर या विषारी वनस्पती कुत्र्याच्या आवारात लावू नयेत. शेराचा चीक डोळ्यांना घातक असल्याने तोही टाळावा.

काटेरी तार कुत्र्याला अडवत नाही. तारांमधून निसटताना त्याला खोल जखमा होतात. कुंपणाच्या तारेत घरगुती विजेचा प्रवाह थेट सोडणे हा तर माणसे, जनावरे व वन्यप्राणी या सर्वांच्या जिवाशी खेळ असून कायद्याने गुन्हा आहे.

पैसे टप्प्याटप्प्याने उपलब्ध होणार असतील, तर पहिल्या वर्षी अर्धा गुंठा जागा सर्व घटकांसह पूर्ण करावी आणि पुढे ती वाढवावी. मोठी जागा टेकू व तळाच्या जाळीविना घेरणे टाळावे.

बिबट्याचा वावर असलेल्या भागात

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात पाळीव व गावातील कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. अशा भागात पाच-सहा फुटांचे वरून उघडे कुंपण बिबट्याला रोखू शकत नाही, कारण तो ते सहज ओलांडतो. उघड्या आवारात अडकलेल्या कुत्र्याला पळण्यासही वाव राहत नाही. म्हणून आवारात भिंतीलगत, चारही बाजूंनी व वरूनही भक्कम जाळीने बंद असे छोटे रात्रघर बांधावे. कुंपणाच्या अंदाजपत्रकात याची तरतूद आधीच करावी. पूर्ण रक्कम उपलब्ध नसल्यास अशा भागात रात्रघर प्रथम बांधावे आणि कुंपण त्यानंतर घ्यावे.

देखभाल व आरोग्य

पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर संपूर्ण कुंपणाभोवती फेरी मारून सैल ताणतारा, कललेले खांब, तळाशी वाहून गेलेली माती आणि बिजागऱ्या तपासाव्यात. आवारात सावली, स्वच्छ पाणी व पावसापासून निवारा असावा. विष्ठा रोज उचलून पुरावी. ती शेणखताच्या ढिगात टाकू नये. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित जंतनाशक द्यावे.

कुंपण ही रेबीजच्या लसीची पर्यायी व्यवस्था नाही. माणसांतील रेबीजची जवळपास सर्व प्रकरणे कुत्र्याच्या चाव्यातून उद्भवतात. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस, त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्यानुसार वर्धक मात्रा आणि पुढे दरवर्षी लस द्यावी. कुंपणावर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत लसीचा खर्च अत्यल्प आहे.

सारांश

आखणी करताना परिमिती मोजावी, पक्क्या भिंतींचा आधार घ्यावा आणि जागा शक्यतो चौरसाकडे झुकणारी निवडावी. खर्चाचा तक्ता सर्व घटकांसह लिहून काढावा व काटछाट करायची झाल्यास ती जागेत करावी. टेकू, तळाची जाळी, उंबरा आणि फाटकाची कडी यांत करू नये. या पद्धतीने उभारलेले लहान आवार कुत्र्याला मोकळेपणा देते, शेजाऱ्यांशी सलोखा टिकवते आणि गोठ्यातील गाभण जनावरांनाही सुरक्षित ठेवते.