हेडलाइटचा बल्ब : महाड-पोलादपूरहून ब्रिटनला येणाऱ्यांसाठी

डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. कामावरून घरी येणं अंधारातच, आणि नेमका तेव्हाच एका बाजूचा हेडलाइट जातो. मग फोन येतो, ‘कुठला बल्ब घेऊ?’ इथे मुरलेल्या घरांनी दिलेली उत्तरं एकत्र करून लिहिली आहेत.

कशेडी किंवा आंबेनळी घाटात पावसाळ्यात गाडी चालवलेल्या माणसाला उजेड कधी पुरत नाही. म्हणून आपल्याकडे ६०/५५ वॅटच्या जागी सर्रास १००/९० बसवतात; होल्डर वितळला तर रिले टाकतात. हल्ली थेट एलईडी. ही हौस इथे नको. हॅलोजनच्या हेडलाइटमधला आरसा तारेच्या ठरलेल्या जागेवर बेतलेला असतो; एलईडीचा उजेड भलतीकडूनच निघतो, तुम्हाला झगमग दिसते आणि समोरचा आंधळा होतो. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी असते. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी घातलेली गाडी त्यात २०२१ पासून नापास होते; सूट आहे ती १ एप्रिल १९८६ पूर्वीच्या गाड्यांना. दुकानात असे बल्ब राजरोस मिळतात, म्हणून ते चालतात असं समजू नका.

आता निवड. जुना बल्ब काढून त्याच्या बुडावर काय कोरलंय ते वाचा. एच४ म्हणजे तीन पिना, एकाच बल्बात अप्पर आणि डिपर. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा ओळखीचा. इथे एच७ फार दिसतो : दोन पिना, एकच तार, ५५ वॅट. अशा गाडीत अप्परचा बल्ब वेगळा असतो आणि त्याचा प्रकारही वेगळा असू शकतो, त्यामुळे एकावरून दुसरा ठरवू नका. ब्रिटिश दुकानदार एच४ ला ४७२ आणि एच७ ला ४७७ म्हणतात, गोंधळू नका. नंबरप्लेट सांगितली की ते संगणकात बघतात, पण त्याच मॉडेलला दोन तऱ्हेचे दिवे असू शकतात, म्हणून बुडावरचंच खरं धरा. बल्बावर वर्तुळात ‘ई’ आणि आकडा हवाच. निळसर काचेच्या नादी लागू नका. जास्त उजेडाचे हॅलोजन चालतात, पण लवकर जातात.

बल्बाच्या काचेला बोट लावू नये. हाताचं तेल तापून काच तिथेच फुटू शकते. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदम बदला. एच७ तिरका बसला तरी पेटतो आणि झोत आभाळाकडे जातो, तेव्हा भिंतीवर उजेड पाडून बघा. झेनॉनचा हेडलाइट असेल तर मात्र हात लावू नका, पेटताना त्यात हजारो व्होल्ट असतात. सरळ गॅरेजला द्या.

जर्मनी-अमेरिकेत गेलेले विचारतात, तिकडे गाड्या उजवीकडून, मग बल्ब वेगळा का? नाही. झोत कुठे वळायचा ते दिवा ठरवतो, बल्ब नव्हे. ब्रिटनची गाडी घेऊन फ्रान्सला निघालात तर डिपरचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही, अशी सोय आधी करा : काही गाड्यांत झोत बदलायची व्यवस्था असते, नाहीतर हेडलाइटच्या काचेवर लावायचे स्टिकर मिळतात.