उपयोगाची वेबसाईट कशी पारखावी?



उसाची गाडी काट्यावर चढण्यापूर्वी काटा शून्यावर आहे की नाही, हे आपण बघून घेतो. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही आणि काटा-क्लार्कही रागावत नाही. आता सातबारा, किसान सन्मानचा हप्ता, उसाची नोंद, बिलाची रक्कम ही सगळी कामं मोबाईलच्या पडद्यावर आली आहेत. पण त्या पडद्याचा काटा शून्यावर आहे का, हे आपण कधी बघतो? या पाठात तेवढंच शिकायचं आहे. वेबसाईट बनवायची कशी, हा आमचा विषय नाही. समोर आलेली वेबसाईट आपल्या उपयोगाची आहे की नुसती दिखाऊ, हे ओळखायचं कसं, एवढाच आहे.

सुरुवात आपल्याच घरातल्या चुकीपासून करतो.

२०२३ च्या जुलैत आपल्या एका सभासदानं आडसाली लागण केली. तारीख ८ जुलै. मुलाच्या मोबाईलवरून कारखान्याच्या पानावर नोंद टाकली. तारखेसाठी तिथं तीन चौकोन होते, पण कोणत्या चौकोनात दिवस आणि कोणत्या चौकोनात महिना, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी आपण सगळे लिहितो तसं लिहिलं : ०८, ०७, २०२३. पान मात्र परदेशी पद्धतीचं, आधी महिना मागणारं. त्यानं घेतलं ७ ऑगस्ट. पावतीवर छापून आलं ०८/०७/२०२३. सभासदानं पावती बघितली, बरोबर वाटली. शेतकी मदतनीस प्लॉटवर गेला, क्षेत्र आणि जात तपासली; कागदावरची तारीख त्यालाही बरोबरच दिसली. आकडे तेच, अर्थ वेगळा. तोडणी कार्यक्रमाची यादी तारखेप्रमाणे लागली आणि हा ऊस महिनाभर मागं गेला. २०२४-२५ च्या हंगामात सुरुवातीलाच मिळायची ती तोड डिसेंबर उलटल्यावर मिळाली. तोवर उसाला तुरा आला होता, वजन घटलं होतं आणि त्या रानात गहू करायचा ठरला होता, तो हुकला. वर गटऑफिसात त्यांनाच ऐकून घ्यावं लागलं की, "तारीख तुम्हीच टाकलीय."

त्यांनी टाकली हे खरं. पण चूक त्यांची नव्हे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यात शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांची लागण १८ जुलैची होती, त्यांचं काय झालं? अठरावा महिना नसतोच, म्हणून पान अडलं. 'अवैध इनपुट' असं लाल अक्षरांत आलं. त्याचा अर्थ कोणाला कळला नाही, लोकांनी कंटाळून चिटबॉयला गाठलं आणि त्यानं हातानं नोंद बरोबर करून दिली. म्हणजे १३ तारखेपासून पुढं लागण केलेले ओरडले आणि वाचले. १ ते १२ तारखेतले गप्प अडकले. (७ जुलैवाले तेवढे नशीबवान, उलटं वाचलं तरी ७ जुलैच.) जी चूक ओरडते ती परवडते. जी गुपचूप बसते ती दावणीला बांधल्यासारखी हंगामभर आपल्याकडेच राहते. म्हणून कुठलीही वेबसाईट पारखताना पहिला प्रश्न हा : मी चुकलो तर हे पान मला सांगेल का, आणि मला कळेल अशा भाषेत सांगेल का?

याच प्रश्नावर इंग्लंडात सरकारी पातळीवर पुष्कळ काम झालं आहे. तिथं २०१२ च्या ऑक्टोबरात वेगवेगळ्या सरकारी वेबसाईटी मोडून जीओव्ही डॉट यूके ही एकच सुरू केली. तिच्या कर्त्या मंडळींनी ठरवून घेतलेलं पहिलं तत्त्व असं की, खात्याची सोय नंतर, माणसाची गरज आधी. जन्मतारखेसारखी माणसाला पाठ असलेली तारीख विचारायची, तर ते तीन चौकोन देतात; प्रत्येकावर दिवस, महिना, वर्ष असं ठळक लिहितात आणि वर नमुन्याला एक तारीख देतात. कॅलेंडर उघडून बोटानं निवडायला लावत नाहीत. आपल्यातल्या ज्यांनी १९५८ सालची जन्मतारीख काढायला कॅलेंडर महिना-महिना मागं ढकललं असेल, त्यांना यातलं शहाणपण समजावून सांगायला नको. दिसायला साधं, पण त्यामागं माणसं शेजारी बसवून केलेली पाहणी आहे.

आता पारखण्याची रीत सांगतो. काट्यावर आपण कधी कधी माहीत असलेलं वजन ठेवून बघतो, तसंच इथं करावं. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न वेबसाईटला विचारावा. महाभूलेख घ्या. जिल्हा, तालुका, गाव निवडून आपला स्वतःचा गट नंबर टाका. क्षेत्र, खातेदार, इतर हक्कातला बोजा हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. ते जुळतंय का बघा. जुळलं की मग दुसऱ्याचा, म्हणजे जी जमीन घ्यायची आहे तिचा, उतारा बघा. नावानं शोधायचं असेल तर नाव दप्तरात जसं आहे तसं लिहावं. घरात म्हणतो तसं नव्हे.

इथं एक गोष्ट आमच्या बऱ्याच सभासदांच्या लक्षात येत नाही. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा माहितीपुरता असतो, कायदेशीर कामाला तो चालत नाही. कामाला लागतो तो डिजिटल सहीचा, १५ रुपये भरून मिळणारा. दोन्ही कागद बघायला जवळजवळ सारखे. आता पारखणाऱ्यानं बघायचं काय, तर हा फरक पान आपल्याला कुठं सांगतं : कागद काढण्याआधी, ठळक, की खाली बारीक अक्षरात? बँकेच्या दारातून परत आल्यावर कळलेली सूचना ही सूचना नव्हे. हीच पारख 'आपली चावडी'लाही लावावी. गावात चाललेल्या फेरफारांच्या नोटिसा तिथं बघता येतात. मुदतीत हरकत घ्यायची असेल तर हे पान फार उपयोगी आहे. पण ते आहे हेच किती जणांना माहीत असतं? उपयोगाची गोष्ट सापडेल अशा जागी ठेवणं हेसुद्धा रचनेतच मोडतं.

शब्दांकडेही बघावं. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेच्या वेबसाईटवर हप्त्याची स्थिती बघायला नोंदणी क्रमांक लागतो. तो लक्षात नसेल तर शोधून देणारी वेगळी वाट त्याच पानावर ठेवली आहे. ही चांगली रीत. माणूस विसरणार, हे धरूनच पान बांधलं पाहिजे. उलट 'सबमिट', 'रिसेट' अशी दोन बटणं शेजारी-शेजारी, एकाच रंगात, आणि बोट जाड! भरलेला अर्धा तासाचा अर्ज रिसेटवर बोट पडून पुसला गेल्याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. कोणत्या पानावर ते सांगत नाही. राग कधीच गेला, पण अर्ज दुसऱ्यांदा भरावा लागला.

एकट्यानं पारखू नये, कारण ज्यानं एकदा वाट शोधली त्याला ती सोपीच वाटते. याकोब नील्सन म्हणून या विषयाचे एक जाणकार आहेत. त्यांनी २००० साली मांडलं की, पानाची चाचणी घ्यायला शेकडो माणसं लागत नाहीत, पाच जण बसवले तरी बहुतेक दोष वर येतात. मात्र ते दोष दुरुस्त करून पुन्हा पाच जण बसवायचे. आपल्या गावातही हे जमण्यासारखं आहे. एक वयस्क शेतकरी, एक घरची बाई, एक शाळेतलं पोर, एक चष्म्याशिवाय न दिसणारा आणि एक मोबाईलचा कंटाळा असलेला, असे पाच बसवा. काम एकच सांगा : "आपल्या गटाचा उतारा काढा." मग आपण गप्प बसायचं. हेच अवघड! समोरचा अडला की आपली जीभ वळवळते, "अहो, ते वरचं दाबा." तसं एकदा म्हटलं की चाचणी संपली. बोट कुठं थांबलं, कोणता शब्द मोठ्यानं वाचला, कुठं मागं फिरला, एवढं वहीत लिहायचं. आणि बसणाऱ्याला आधीच सांगावं की, परीक्षा तुमची नाही, पानाची आहे.

चाचणी ऑफिसात पंख्याखाली नको, बांधावर घ्या. दुपारच्या उन्हात पांढऱ्यावरची करडी अक्षरं दिसेनाशी होतात. वेबच्या आंतरराष्ट्रीय निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण निदान ४.५ ला १ असावं, असं साध्या आकाराच्या मजकुरासाठी सांगितलं आहे. आपल्या सरकारी वेबसाईटींसाठीही २००९ पासून मार्गदर्शक नियम आहेत. आपल्याला मोजमाप करायला नको. उन्हात वाचता आलं तर ठीक. रेंजचंही तसंच. पान उघडायला वेळ लागला तर काम चालू आहे, हे ते दाखवतं का? नाहीतर माणूस बटण दोनदा दाबतो आणि पैसे दोनदा जाण्याची धास्ती घेतो.

आता एक सावधगिरी. पान सुबक आहे म्हणून ते खरं आहे, असं नाही. ठकांची पानंही सुबक असतात, किंबहुना जास्तच. पत्त्याजवळचं कुलपाचं चित्र एवढंच सांगतं की, मधल्या वाटेत तुमची माहिती कोणी वाचत नाही. पलीकडं साव बसलाय की चोर, हे कुलूप सांगत नाही. सरकारी पान असेल तर वेबसाईटचा पत्ता बहुधा 'जीओव्ही डॉट इन' वर संपतो. ती अक्षरं मध्येच कुठंतरी घुसवलेली असतील तर ते पान सोडावं. व्हॉट्सअ‍ॅपवर हप्त्याच्या नावानं आलेली एपीके फाईल उघडू नये, पाठवणारा ओळखीचा असला तरी. ओटीपी तर कोणालाच सांगायचा नाही, आमच्या माणसालासुद्धा.

राहिला आपल्या पानाचा विषय. नोंदीच्या पावतीवर महिना अक्षरात छापावा, म्हणजे '८ जुलै' असा, आणि 'अवैध इनपुट'च्या जागी 'महिना १ ते १२ मध्येच लिहा' असं यावं, अशी लेखी सूचना आम्ही शेती खात्याकडं दिली आहे. ती अमलात येईपर्यंत, ज्यांची लागण कोणत्याही महिन्याच्या १ ते १२ तारखेतली आहे आणि नोंद मोबाईलवरून टाकली आहे, त्यांनी पावती घेऊन गटऑफिसला जावं. "माझी तारीख बरोबर आहे का?" असं विचारू नये, कारण आकडे बघून "हो" असंच उत्तर मिळेल. "यादीत माझा महिना कोणता लागलाय?" असं विचारावं.

गावात पाच जण बसवून चाचणी घेतलीत, तर वहीतलं पान चिटबॉयकडं द्यावं. नाव घातलं नाही तरी चालेल.