उन्हापावसांतील लांकूड व त्यावरील तेलाचा हात

मुरुड येथील आमच्या घराचें सागवानी दार पश्चिमेस तोंड करून आहे. तीन पावसाळ्यांपूर्वीं त्यास जवसाचें तेल एकाच दिवशीं, एकाच फडक्यानें लाविलें. आज वळचणीच्या आडोशाचा वरचा भाग अद्याप तांबूस आहे. खालचा हातभर भाग मात्र राखी पडून त्याचे तंतू उभे राहिले आहेत. लांकूड एक, तेल एक; मग हा भेद कां?

जवसाचें तेल पाण्यासारखें उडून वाळत नाहीं. तें हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें व त्याचा पातळ पापुद्रा बनतो. करडईच्या तेलांत हा गुण कमी. भुईमुगाच्या व एरंडीच्या तेलांत जवळजवळ नाहींच, म्हणून तीं चिकट राहून धूळ धरितात. परंतु पापुद्रा बनला म्हणजे ही क्रिया थांबते असें नाहीं. उन्हांत ती चालूच राहून पापुद्रा ठिसूळ होतो. शिवाय सूर्याचे अतिनील किरण त्यांतून आरपार जातात व लांकडाचे तंतू सांधणारा लिग्निन नांवाचा पदार्थ तोडतात. पाऊस तो धुऊन नेतो आणि मागें राखी तंतू उरतात. खालच्या भागास ऊन व शिंतोडे दोन्ही अधिक, म्हणून तो आधीं गेला. तेलांत गेरू खलून लाविल्यास त्यांतील लोहद्रव्य किरण अडवितें. असा हात साध्या तेलाहून अधिक टिकतो.

व्हार्निशाची गोष्ट निराळी. त्याचा थर चकाकतो. परंतु लांकूड पावसांत फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें, आणि जुना ताठ थर त्याबरोबर हलूं शकत नाहीं. तडा गेला कीं पाणी खालीं शिरून पोपडे सुटतात, व सर्व खरडून काढावें लागतें. तेलाच्या हातास हा खटाटोप नाहीं.

परीक्षा सोपी आहे. लांकडावर पाण्याचे चार थेंब टाकावे. ते मोत्यासारखे राहिले तर तेल शाबूत आहे. पाणी मुरून डाग काळा पडला तर तें संपलें. मग वैशाखांत, लांकूड कोरडें असतां, राखी थर काचकागदानें घासावा, धूळ पुसावी, पातळ हात द्यावा व अर्ध्या तासानें उरलेलें तेल टिपून घ्यावें. दाराच्या खालच्या कडेस दोन हात द्यावे. लांकूड तेथून पाणी अधिक पितें.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. तेलकट फडकीं गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेल प्राणवायु घेतांना उष्णता निघते. ढिगांत ती कोंडली म्हणजे फडकीं आपोआप पेट घेतात. शेजारीं कडब्याची बनीम असल्यास वर्षाचा चारा जाईल. तीं पाण्यांत बुडवावीं किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावीं.

महसुलाच्या नोकरींत आम्हीं एवढें पाहिलें कीं, वेळेवर भरलेला हप्ता जड जात नाहीं. थकबाकी घर बुडविते. राखी रंग ही लांकडाची पहिली नोटीस होय. ती वाचून जो पावभर तेल खर्चील, त्याच्या आजोबांचें दार नातवास मिळेल.