आरगॉनच्या नावाखाली

टिग वेल्डिंगचा सराव करणाऱ्याने शुद्ध आरगॉनखेरीज अन्य वायूच्या वाटेस जाऊ नये, हे मी इतक्या आग्रहाने लिहितो याचे कारण असे, की रत्नागिरीतील एका व्यापाऱ्याने आरगॉन म्हणून मिश्र वायूचे सिलिंडर माझ्या माथी मारले आणि वर दोष माझ्या हाताला दिला.

मिरकरवाडा बंदरातील नौकांची स्टेनलेसची कामे मिळावीत, या हेतूने मी हे शिकू लागलो होतो. आर्क पेटताच टंगस्टन इलेक्ट्रोडचे टोक काळवंडून झिजे, टाक्यावर काजळी धरे. आणि तक्रार घेऊन जावे, तर हे गृहस्थ गल्ल्यावरून न उठता, "अहो, हात बसायला वेळ लागतोच," एवढे बोलून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळत. अखेर मिरजोळे एमआयडीसीतील एका स्नेह्याच्या शुद्ध आरगॉनला माझीच टॉर्च जोडली. टंगस्टन तेच, करंट तोच, हातही तोच, आणि टाका मात्र असा लख्ख उमटला की इतके दिवस निमूट ऐकून घेतलेला प्रत्येक शब्द मला त्या क्षणी नव्याने झोंबला. पावतीवर केवळ 'आरगॉन' लिहिले होते; ती पुढे करताच, "त्यातही ऐंशी टक्के आरगॉनच आहे की," असे उत्तर मिळाले!

अशा मिश्रणात उरलेला वीस टक्के वायू कार्बन डायऑक्साइड असतो. आर्कच्या उष्णतेने तो विघटित होऊन मोकळा झालेला ऑक्सिजन तापल्या टंगस्टनला जाळतो. मिग वेल्डिंगमध्ये तार स्वतःच वितळून जायची असते आणि तिच्यातील सिलिकॉन व मँगनीज त्या ऑक्सिजनचा बंदोबस्त करतात, म्हणून तेथे हे मिश्रण चालते. टिगमध्ये ही मुभा नाही. दुसरा पर्याय हेलियमचा, पण तो महाग, नवशिक्यास अनावश्यक.

पावतीवर 'शुद्ध आरगॉन, ९९.९९ टक्के किंवा अधिक' असे शब्द लिहवून घ्यावेत, सिलिंडरच्या अनामत रकमेची नोंद वेगळी करवावी, आणि ज्यास हे लिहिण्याचा कंटाळा येईल त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नये. टॉर्चच्या लहान कपास मिनिटास ७ ते १० लिटर प्रवाह पुरतो. त्याहून फार वाढविल्यास वायू घुसळून बाहेरची हवा आत ओढतो. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याचा उपद्रव मोठा, तेव्हा कामाभोवती आडोसा हवाच; परंतु खोली बंद करू नये, कारण आरगॉन हवेहून जड, गंधहीन असून खोलगट जागी साचतो आणि माणसाचा श्वास कोंडतो. म्हणून वायूच्या नळीचे सांधे गळतीसाठी साबणाच्या पाण्याने तपासावेत. आर्क विझल्यावर टंगस्टन निवेपर्यंत वायू चालू ठेवावा; शंभर अँपिअरच्या कामास सुमारे १० सेकंद. सराव नित्य करावा, हे सांगणे नकोच.

माझी अनामत रक्कम त्या दुकानातून अद्याप परत आलेली नाही.