तिसऱ्या वर्षी ताण नको

चि. बाळू,

शेजारच्या जुन्या बगीच्यात आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतात, म्हणून आपल्या तीन वर्षांच्या संत्र्यालाही यंदा ताण द्यायचं तू मनात घेतलंयस. बाबा, देऊ नकोस.

पाणी तुटलं आणि थंडी पडली की झाडाची वाढ थांबते. पानांनी केलेलं अन्न नव्या फुटीत न जाता काडीत साठतं. मग जानेवारीत पाणी सोडलं की पालवीसोबत फुलं निघतात. भरल्या झाडाला हे झेपतं. तुझ्या कलमांवर डोळा मोठ्या झाडाचा आहे, त्यामुळे फूल तिसऱ्या वर्षीही दिसेल. पण फळ पोसायला पानं आणि मुळं कुठे आहेत? साठवण फळच ओढून घेईल, घेर वाढायचा राहील. आलेली फुलं सरळ खुडून टाक.

ताण नाही म्हणजे रोज पाणी, असंही नव्हे. आपल्या काळ्या जमिनीत ओल दाटली की मुळांचा श्वास कोंडतो, पानं पिवळी पडतात, आणि आपण खत कमी पडलं समजून आणखी युरिया टाकतो. खोडाशी ओल राहिली तर डिंक्या लागतो. ठिबकची नळी अजून खोडाला चिकटून आहे ना? आजच ती बाहेर ओढ, ड्रिपर घेराच्या कडेशी ने. पाणी पिणारी बारीक मुळं तिकडे पसरायला हवीत. रोज घोटघोट पाणी दिलं तर ती वरच राहतात आणि मे महिन्यात होरपळतात.

दिवस मोजून ओलित करू नकोस. ड्रिपरजवळ खुरप्याने वीतभर उकर, माती मुठीत दाब. गोळा टिकला तर थांब, भुगा झाला तर खोलवर ओल जाईल इतकं पाणी दे. थंडीत पाळी लांबव, पण तोडू नकोस. वरुड-मोर्शीत बोअर किती खोल गेलेत हे मी पाहतोच आहे; पाणी पुरत नसेल तर तणसाचं आच्छादन घाल.

ताण पाचव्या-सहाव्या वर्षी, झाडाचा घेर पाहून. हलक्या रानात महिनाभर, भारी काळीत दीड-दोन महिने. ताण तोडताना पहिलं पाणी हलकंच.

नळी सरकवलीस की कळव. आईला नमस्कार सांग.

तुझा मामा